थट्टेची तालीम

पडदा उघडतो तेव्हा समोर एक सार्वजनिक शौचालय असतं. क्रमांक नऊ, शहरातलं सर्वांत गरीब आणि सर्वांत घाण. बाहेर रांग लागलेली असते, रांगेतले लोक मुठीतली नाणी पुन्हा पुन्हा मोजत असतात आणि दारातली बाई पैसे हातात पडल्याशिवाय कुणाला आत सोडत नाही. तिच्यापुढे एक म्हातारा हात जोडतो. आजच्या दिवस सोडा, उद्या देतो. बाई ऐकत नाही. ही बाई सोळा-सतरा वर्षांची असते, म्हाताऱ्याला अजून मिसरूड फुटायची असते, आणि समोरच्या खुर्च्यांवर त्यांचे आईवडील, शिक्षक, मुख्याध्यापक आणि धाकटी भावंडं बसलेली असतात. अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांच्या रंगमंचावर गेली वीसेक वर्षं हा प्रसंग कुठे ना कुठे घडतो आहे. नाटकाचं नाव ‘युरिनटाउन’. मराठीत सरळ सांगायचं तर ‘मूत्रनगर’. प्रेक्षक पोट धरून हसतात. रंगमंचावर मात्र कुणीही हसत नाही. हसलं की नाटक कोसळतं. शाळेने उपहासात्मक संगीत नाटक करावं की करू नये, या वादाचं उत्तर मला या न हसण्यात दिसतं.

अमेरिकी शाळांत वसंत ऋतूतलं संगीत नाटक ही आपल्या स्नेहसंमेलनापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट असते. परवाना देणाऱ्या कंपनीला शुल्क भरून संहिता आणि स्वरलिपी आणायची, निवडचाचणी घ्यायची, दोन-तीन महिने तालमी करायच्या आणि तिकीट लावून तीन-चार प्रयोग करायचे, असा तो रिवाज आहे. शालेय रंगभूमीसाठी काम करणारी तिथली संघटना कोणती नाटकं शाळांत सर्वाधिक झाली याची पाहणी 1938पासून करत आली आहे. अलीकडच्या याद्यांत वरच्या जागा ‘ब्यूटी अँड द बीस्ट’, ‘द ॲडम्स फॅमिली’, ‘मामा मिया’ यांसारख्या घरच्या सगळ्यांनी मिळून बघण्याजोग्या नाटकांना मिळतात. उपहासाचा वाटा त्या मानाने लहान, पण चिवट. त्याला होणारा विरोधही तितकाच चिवट. विरोध करणाऱ्यांच्या मनातली भीती एका वाक्यात मावते: आधीच उद्धट असलेल्या वयाला तुम्ही टिंगल करायला शिकवता आहात. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. टिंगल त्या वयाला शिकवावी लागत नाही, ती येतेच. उपहासाचं नाटक जे शिकवतं ते गांभीर्य, आणि तेही अशा रीतीने की तितकं ते दुसऱ्या कुठल्या नाटकातून शिकवता येणार नाही.

आधी नाटक काय आहे ते पाहू. ग्रेग कोटिस हा तरुण नाटककार 1995मध्ये खिशात मोजके पैसे घेऊन पॅरिसमध्ये फिरत होता. तिथल्या पैसे टाकून वापरायच्या शौचालयांनी त्याचं बजेट खाल्लं आणि त्यातून त्याला ही कल्पना सुचली. शिकागोच्या नाट्यवर्तुळातला त्याचा जुना सहकारी मार्क हॉलमन याने संगीत दिलं. गीतं दोघांनी मिळून लिहिली. 1999मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रिंज महोत्सवात लहानशा प्रमाणात ते झालं आणि 2001मध्ये ब्रॉडवेवर आलं. शुभारंभ 13 सप्टेंबरला ठरला होता. दोन दिवस आधी जुळे मनोरे कोसळले, आणि तो 20 सप्टेंबरला झाला. उपरोधाचे दिवस आता संपले, असं अमेरिकी माध्यमांत बोललं जात होतं ते याच आठवड्यांत. ज्या नाटकात माणसांना उंच इमारतीच्या गच्चीवरून ढकलून मारलं जातं ते नाटक तेव्हा त्याच शहरात सुरू झालं आणि जानेवारी 2004पर्यंत त्याचे 965 प्रयोग झाले. संहिता, संगीत आणि दिग्दर्शन यांसाठी 2002चे तीन टोनी पुरस्कार त्याला मिळाले. दुःखात बुडालेल्या शहराने ते नाटक पोरकट मानलं नाही, ही नोंद पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कथानक असं. वीस वर्षांच्या दुष्काळाने घराघरांतली शौचालयं बंद पडली आहेत. सार्वजनिक शौचालयं एका कंपनीच्या ताब्यात आहेत आणि तिथे पैसे मोजल्याशिवाय जाता येत नाही. उघड्यावर बसेल त्याला पोलीस ‘मूत्रनगरा’त पाठवतात, तिथून कुणी परत येत नाही. पैसे नसलेला तो म्हातारा पकडला जातो. त्याचा मुलगा बॉबी त्याच शौचालयात मदतनीस असतो. तो कंपनीचा मालक क्लॅडवेल याच्या मुलीच्या, होपच्या, प्रेमात पडतो आणि बंड पुकारतो. वाटाघाटीला गेलेल्या बॉबीला मालक गच्चीवरून खाली फेकायला लावतो; मूत्रनगर नावाचं गाव मुळात नसतंच, हे तेव्हा उघड होतं. पुढे होप स्वतः बंडाची सूत्रं हाती घेते, बापाला त्याच वाटेने धाडते आणि शौचालयं सर्वांना मोफत खुली करते. इथे पडदा पडला असता तर ते एक सरळ नीतिनाट्य झालं असतं. पण मोफत झाल्यावर लोक हवं तसं पाणी वापरतात, उरलेसुरले झरे आटतात, आणि ज्यांच्यासाठी क्रांती झाली ते सगळे तहानेने मरतात. शेवटी जयजयकार होतो तो लोकसंख्या आणि अन्न यांचं निर्दय गणित 1798मध्ये मांडणाऱ्या माल्थसचा.

मराठी वाचकाला ही कल्पनेची भरारी वाटू नये. मार्च 2016मध्ये लातुरात पाण्याच्या साठ्यांभोवती जमावबंदीचं कलम 144 लागू झालं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टँकरांनी तिथे पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीला दहा टँकर होते आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. पाण्यावर पोलीस बसतो तेव्हा शहर कसं दिसतं, हे आपण बातम्यांत पाहिलं आहे. पैसे देऊन वापरायचं सार्वजनिक शौचालय आपल्याकडे ‘सुलभ’ने 1974मध्ये पाटण्यात आणलं आणि ते लाखो लोकांची सोय ठरलं. पण मुंबईत पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, या उघड अन्यायाविरुद्ध महिला संघटनांना 2011पासून ‘राइट टू पी’ नावाची मोहीम चालवावी लागली. तेव्हा या नाटकातली रांग अमेरिकी शाळेत उभी असली, तरी ती रांग आपल्या ओळखीची आहे.

आता पुन्हा त्या न हसण्याकडे. उपहास दोन तऱ्हांनी करता येतो. एक वर्गातला मागच्या बाकावरचा: डोळा मारून, ओठ मुडपून, ‘मला हे खरं वाटत नाही बरं का’ असं सुचवत. दुसरा रंगमंचावरचा, ज्यात नटाला आपण काही विनोदी बोलतो आहोत याचा पत्ताच नसल्यासारखं वागावं लागतं. ‘लघवीला जाणं हा हक्क नव्हे, ती सवलत आहे’ असं बजावणारी दारातली बाई स्वतःला खलनायिका समजत नाही. ती नियमाप्रमाणे चालणारी, खालच्या पायरीवरची, थकलेली कर्मचारी आहे. तिचा राग खरा आहे आणि तिचा हिशेबही खरा आहे. तो खरा वाटला तरच प्रेक्षकाला आधी हसू येतं आणि मग हसल्याची जरा लाज वाटते. भूमिका करणाऱ्या मुलीने ‘बघा, ही किती वाईट बाई’ असं अभिनयातून सुचवलं की दोन्ही गेलं. म्हणून अशा नाटकाच्या तालमीत दिग्दर्शक शिक्षकाला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते: विनोद करू नका, खरं बोला. पंधरा-सोळाव्या वर्षी आपण कुठल्याच गोष्टीत फार गुंतलेलो नाही असं दाखवणं हीच प्रतिष्ठा असते. त्या वयाच्या मुलांना दोन-अडीच तास संपूर्ण गुंतायला लावणारं हे काम आहे. शोकांतिकेत गंभीर राहणं त्यामानाने सोपं, कारण प्रेक्षकही गंभीर असतो. समोर हशा पिकला असताना गंभीर राहायचं, ही खरी शिस्त. तमाशातला जाणता सोंगाड्या हे बरोबर ओळखतो. सगळा फड खदखदत असताना त्याचा चेहरा मात्र भोळाच राहतो.

संगीताची गोष्ट याहून स्पष्ट आहे. या नाटकाची बहुतेक गाणी कशाची तरी नक्कल आहेत. सुरुवातीच्या वाद्यमेळात जर्मन संगीतकार कुर्ट वाइलच्या बर्लिनची खरखर आहे, एका गाण्यात कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं गॉस्पेल आहे, एकात ‘वेस्ट साइड स्टोरी’तल्या टोळीची बोटं वाजवणारी थंड धमकी आहे, आणि पहिल्या अंकाच्या शेवटी ‘ले मिझेराब्ल’चा बॅरिकेडवरचा आवेश आहे. मूळ रचना पाच वादकांपुरती आहे, त्यामुळे शाळेला ती झेपते. पण नक्कल झेपायची तर अस्सल आधी आलं पाहिजे. गॉस्पेलची थट्टा करणारा कोरस गॉस्पेलइतकाच सुरात, लयीत आणि उत्कटतेने गायला नाही, तर ऐकू येते ती फक्त वाईट गायकी. विडंबन लिहिणाऱ्याला मूळ वृत्त चोख लागतं, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको; ‘झेंडूची फुले’ लिहिणारे केशवकुमार हेच गंभीर कवितेतले प्र. के. अत्रे होते. म्हणजे या एका नाटकात मुलं पाश्चात्त्य संगीत रंगभूमीचा निम्मा इतिहास गळ्यातून काढतात. तो पुसण्यासाठी का होईना, आधी त्यांना तो गिरवावा लागतो.

पण सगळ्यांत अवघड धडा क्लॅडवेलच्या भूमिकेत आहे. तो लाचखाऊ आहे, क्रूर आहे, आमदारांना खिशात घेऊन शुल्क वाढवतो. आणि तरीही मूळ मुद्द्यावर तो बरोबर ठरतो. पाणी खरोखरच संपत आलेलं असतं आणि त्याच्या जुलमी व्यवस्थेमुळेच ते इतकी वर्षं पुरलेलं असतं. उलट बॉबी आणि होप निर्मळ मनाची आहेत, त्यांची मागणी न्याय्य आहे, आणि त्यांच्याच हातून गाव मरतं. हे नाटक मालकाच्या बाजूने नाही, क्रांतीच्या बाजूने नाही, आणि ‘दोघंही सारखेच’ असा हात झटकण्याच्या बाजूने तर मुळीच नाही. न्याय आणि पाणी या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीच्या नावाखाली दुसरीकडे डोळेझाक केली तर काय होतं ते पाहा, एवढंच ते म्हणतं. क्लॅडवेलची भूमिका करणाऱ्या मुलाला रोज संध्याकाळी अशा माणसाचा युक्तिवाद मनापासून मांडावा लागतो, ज्याच्याविरुद्ध त्याला एरवी घोषणा द्याव्याशा वाटतील. वादविवाद स्पर्धेत विरुद्ध बाजू मांडताना बुद्धी लागते. इथे अंगही लागतं, आवाज लागतो, स्वतःवरचा विश्वास लागतो. समोरच्याचं म्हणणं आतून समजून घेण्याचा इतका कसून सराव शाळेच्या वेळापत्रकात दुसऱ्या कुठल्या तासाला होतो, हे दाखवून द्यावं.

गंमत म्हणजे या नाटकातली गोष्ट अमेरिकेत खरोखर घडली आहे, आणि तिची सुरुवात शाळकरी वयाच्या मुलांनीच केली होती. 1970च्या सुमाराला त्या देशात नाणं टाकून उघडणारी पन्नास हजारांवर शौचालयं होती. 1970मध्ये ओहायोतल्या डेटन गावच्या काही मुलांनी ‘अमेरिकेतील सशुल्क शौचालये संपवण्यासाठी समिती’ अशा भारदस्त नावाची संघटना काढली. पंचवीस सेंट वर्गणी, शौचपात्रातून वर आलेली साखळदंडातली मूठ हे बोधचिन्ह, आणि टॉयलेट पेपरवर कोटी करणाऱ्या नावाचं वार्तापत्र. सगळा मामला थट्टेचा, मुद्दा मात्र रोकडा: पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला प्रत्येक वेळी नाणं. कॅलिफोर्नियात मार्च फॉंग यू या आमदारबाईंनी त्याआधीच, 1969मध्ये, विधानभवनाच्या पायऱ्यांवर साखळीने बांधलेलं शौचपात्र हातोड्याने फोडून दाखवलं होतं. शिकागोने 1973मध्ये बंदी घातली, पाठोपाठ अनेक राज्यांनी घातली, आणि 1976मध्ये काम फत्ते झालं म्हणून मुलांनी समिती विसर्जित केली. पुढे मात्र पैसे घेणारी शौचालयं गेली आणि त्यांच्या जागी फुकटची फारशी आलीच नाहीत. अमेरिकी शहरांतून चालणाऱ्या माणसाला आज सार्वजनिक शौचालय सापडणं मुश्कील असतं. मागणी चुकीची होती का? मुळीच नाही. तिच्यानंतर देखभालीचा खर्च कुणी उचलायचा हा प्रश्न अनुत्तरित राहिला. ‘युरिनटाउन’चा शेवट किती हिशेबी आहे, हे या हकिगतीशेजारी ठेवल्यावर कळतं.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत जुना आक्षेप असा, की मोठी माणसं आपली भांडणं मुलांच्या तोंडून बोलून घेतात. याला इतिहासाचा आधार आहे. लंडनमध्ये 1600च्या आसपास शाही प्रार्थनामंडळातली आणि सेंट पॉल कॅथीड्रलची गाणारी मुलं व्यावसायिक नाटकं करत, आणि त्यांची खासियत होती गाण्यांनी भरलेला बोचरा उपहास. 1605मधल्या ‘ईस्टवर्ड हो’ या त्यांच्या नाटकात राजाच्या स्कॉटिश गोतावळ्याची टर उडवल्याबद्दल बेन जॉन्सन आणि जॉर्ज चॅपमन या लेखकांना तुरुंगात जावं लागलं. मुलांच्या तोंडी घातलं की खपून जाईल, हा हिशेब त्यामागे होताच. त्याहून वाईट म्हणजे अशा मंडळींना मुलं जबरदस्तीने उचलून आणण्याचा अधिकार होता. शाळेच्या वाटेवरून आपला तेरा वर्षांचा मुलगा पळवल्याची एका बापाची फिर्याद त्या काळच्या दरबारी न्यायालयात पोचली होती. पुढे जॉन गेचं ‘बेगर्स ऑपेरा’ हे उपहासी संगीत नाटक 1728मध्ये तुफान चाललं आणि वर्षभराच्या आत, 1 जानेवारी 1729ला, त्याच नाट्यगृहात फक्त मुलांना घेऊन त्याचा प्रयोग लागला. चोर, दलाल, लाचखाऊ तुरुंगाधिकारी, सगळे चिमुकले. प्रेक्षकांना मौज वाटली. मुलांना काय मिळालं ते कुणी विचारलं नाही.

म्हणून आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर नाटक बंद करण्यात नाही. मुलांना बाहुली होऊ न देण्यात आहे. बर्लिनमध्ये 1930 साली नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी शाळांसाठी एक लहान ऑपेरा लिहिला. दोन वर्षांपूर्वी ‘थ्री पेनी ऑपेरा’त त्यांनी भांडवलदाराची सालं काढली होती, हा ऑपेरा त्या मानाने साधा होता. डोंगरावरच्या प्रवासात आजारी पडलेला एक मुलगा, रूढीप्रमाणे त्याला मागे टाकून पुढे जायचं असतं आणि तशी त्याची संमतीही विचारायची असते. मुलगा हो म्हणतो. नॉयकोल्न भागातल्या एका शाळेतल्या विद्यार्थ्यांनी यावर चर्चा केली आणि थेट विचारलं, त्याने हो का म्हणावं? ब्रेख्तने त्यांचे आक्षेप गंभीरपणे घेतले, नाटक बदललं, शिवाय एक जोडनाटक लिहिलं. त्यात तोच मुलगा नाही म्हणतो आणि नवी रूढी मागतो. शालेय रंगभूमीच्या इतिहासात याहून मोठा विजय मला माहीत नाही. मुलांनी तयार संदेश गिळला नाही. तालमीत त्याची परीक्षा घेतली. हे स्वातंत्र्य असेल तिथे संहिता कुणाचीही असो, नाटक मुलांचं होतं.

दुसरा आक्षेप पालकांचा. शाळा सार्वजनिक पैशावर चालते, मुलं अल्पवयीन आहेत, मग त्यांच्याकडून काय करून घ्यावं यात आम्हाला बोलायचा अधिकार नाही का? आहे, आणि अमेरिकी कायद्यानेही तो बराचसा शाळेच्या पदरात टाकला आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी फीत बांधून वर्गात बसण्याचा विद्यार्थ्यांचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 1969मध्ये मान्य केला. पण शाळेच्या नावाने जे प्रसिद्ध होतं किंवा सादर होतं ते वेगळं, तिथे शैक्षणिक कारणासाठी कात्री चालवण्याची मुभा शाळेला आहे, असा निकाल त्याच न्यायालयाने 1988मध्ये एका शालेय वृत्तपत्राच्या खटल्यात दिला. त्याआधी 1981मध्ये डेलावेअरमधल्या एका शाळेने ‘पिपिन’ हे संगीत नाटक त्यातल्या लैंगिक प्रसंगांमुळे रद्द केलं, तेव्हाही अपील न्यायालय शाळेच्याच बाजूला राहिलं. मला हे निकाल सर्वस्वी चूक वाटत नाहीत. शाळेचा रंगमंच हा चौक नव्हे. पण अधिकार कुणाचा हा एक प्रश्न आणि तो कसा वापरावा हा दुसरा, आणि माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

कात्री दोन ठिकाणी चालते, शब्दांवर किंवा हाडांवर. 2023मध्ये ओहायोतल्या एका लहान गावच्या शाळा मंडळाने ‘द ट्वेंटी-फिफ्थ ॲन्युअल पटनम काउंटी स्पेलिंग बी’ हे नाटक असभ्य मजकुराच्या तक्रारींवरून ऐन तालमी चालू असताना रद्द केलं. स्पर्धेचं आणि मुलांना स्पर्धेत ढकलणाऱ्या मोठ्यांचं ते मिश्कील चित्र आहे. आरडाओरडा झाला, मूळ नाटककार आणि परवाना कंपनी मध्ये पडली, वीसहून अधिक ठिकाणी शब्द बदलले गेले आणि प्रयोग झाला. एखादी शिवी गेली म्हणून त्या नाटकाचं काही बिघडलं नाही, कारण स्पर्धेवरची त्याची नजर शाबूत राहिली. याउलट 2014मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळेने ‘स्पॅमलॉट’ हे राजा आर्थरच्या दंतकथेची टोपी उडवणारं नाटक बाजूला सारलं, ते त्यातल्या समलिंगी विवाहामुळे. तिथे हरकत शब्दाला नव्हती, काही माणसांच्या असण्यालाच होती. ‘युरिनटाउन’च्या बाबतीत हाडं म्हणजे त्याचा शेवट. नाव पोस्टरावर छापायला संकोच वाटतो, तो समजण्यासारखा आहे. नाटकातली लहान सॅली सुरुवातीलाच विचारते, वाईट नावाने नाटक पडत नाही का? पण कुणाला मुलांच्या भल्यासाठी तो शेवट गोड करावासा वाटला, झरे पुन्हा वाहते करावेसे वाटले, तर उरेल ती लघवीवरच्या विनोदांची माळ. म्हणजे ज्या अश्लाघ्यतेची भीती होती, नेमकी तीच शिल्लक राहील आणि तिला अर्थ देणारं सगळं जाईल. परवान्याच्या करारात मालकांच्या परवानगीशिवाय बदल करायला मनाई असते, हे अशा वेळी शाळेचं संरक्षणच ठरतं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. समजा, मुलं गंभीर झाली, सगळं नीट समजली. पण समजून काय, तर क्रांती फसते, सत्ता भ्रष्ट असते, आणि शेवटी सगळे मरतात. सोळाव्या वर्षी हे शिकून मूल निराश होणार नाही का? या वयाला आशा द्यायची की माल्थस? मला वाटतं, निराशा आणि संशय यांत आपण गल्लत करतो. निराश माणूस म्हणतो, काहीच करून उपयोग नाही. उपहासकार म्हणतो, जे कराल ते डोळे उघडे ठेवून करा. माल्थसचं भाकीत त्याने मांडलं तसं खरं ठरलं नाही; शेती सुधारली, जगाची लोकसंख्या आठ अब्जांवर गेली. त्याच्या नावाने केलेला तो अखेरचा जयघोषही त्यामुळे उपहासाच्या कक्षेबाहेर राहत नाही. आणि पाहा, हे सर्वनाशाचं नाटक उभं राहतं कशावर? तीस-चाळीस मुलांनी दोन-तीन महिने वेळेवर येण्यावर, एकमेकांचा सूर ऐकण्यावर, विंगेत अंधारात खुर्च्या हलवणाऱ्याने कधीही न चुकण्यावर. एकत्र येऊन माणसं काहीच धड करू शकत नाहीत अशी गोष्ट सांगण्यासाठी त्यांना एकत्र येऊन एक गोष्ट अगदी धड करावी लागते. त्या अनुभवातून निराशा बाहेर पडणं अवघड आहे.

उरतो तो आक्षेप, की प्रेक्षकांना हे काही कळत नाही. ते विनोदाला हसून घरी जातात. जात असतील. पण शाळेचं नाटक प्रेक्षकांसाठी नसतं, निदान आधी त्यांच्यासाठी नसतं. दोन तासांच्या प्रयोगामागे तालमीच्या कितीतरी संध्याकाळी असतात, आणि शिक्षण घडतं ते तिथे.

आपल्याकडे या वाटेवरचं बरंच काही आहे. ‘थ्री पेनी ऑपेरा’चा पु. ल. देशपांडे यांनी केलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ थिएटर ॲकॅडमीने 1978मध्ये रंगमंचावर आणला. त्याआधी 1972मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ उभं राहिलं ते पुण्यातल्या हौशी तरुण मंडळींच्या बळावर. वगाने तर राजा आणि प्रधान यांची फजिती करण्याचा परवाना पिढ्यान्‌पिढ्या वापरला आहे. 1965च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने तो शहरी प्रेक्षकांपर्यंत नेला. पण शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंचावर हा वारसा क्वचित पोचतो. तिथे चित्रपटगीतांवरची नृत्यं असतात, नाहीतर ‘पाणी वाचवा’ असं सांगून संपणारी नाटुकली. अशा नाटुकलीत पाणी वाया घालवणारा माणूस मूर्ख असतो, वाचवणारा शहाणा असतो, आणि दोघांनाही मनापासून जगण्याची गरज कुणालाच पडत नाही. थट्टा धोक्याची म्हणून आपण ती टाळतो आणि तिच्या जागी जे ठेवतो त्यात गांभीर्याचा फक्त वेष असतो. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात शिकणारी मराठी घरांतली मुलं शाळेच्या कोरसात उभी राहून दुष्काळावरचं जे नाटक करू शकतात, ते दुष्काळ डोळ्यांनी पाहिलेल्या लातूर-बीडच्या मुलांना पेलणार नाही असं समजायला काही आधार नाही.

नाटकाच्या शेवटी, प्रेतांच्या खचाजवळ, लहान सॅली पोलिसाला विचारते की पुढच्या खेपेला आपण एखादं आनंदी नाटक करू या का. पोलीस म्हणतो, पुढची खेप आलीच तर जरूर करू. शाळेच्या बाबतीत पुढची खेप येतेच. पुढच्या वसंतात तीच शाळा बहुधा एखादी परीकथा निवडेल, आणि निवडावीही. त्यात राजकन्येच्या मैत्रिणीचं काम करणारी एक मुलगी असेल, जी गेल्या वर्षी शौचालय क्रमांक नऊच्या दारात उभी राहून म्हाताऱ्याकडून पैसे मागत होती. राजवाड्याच्या दारात पहारेकऱ्याने कुणाला अडवलं की ती आता आधी त्या पहारेकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघेल, आणि याला हे काम कुणी सांगितलं, हा प्रश्न तिच्या मनात आपसूक येईल.